शनिवार दुपार, छोटं कॉलेज: अमेरिकेतला फुटबॉल, मॅस्कॉट आणि मैदानं

शिक्षणासाठी अमेरिकेत येणारी आपली मुलं ज्या संस्थांमध्ये जातात, त्यांतल्या बऱ्याच फुटबॉलच्या हिशोबात छोट्या आहेत. एमआयटी, कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स, केस वेस्टर्न रिझर्व्ह, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, टफ्ट्स, डब्ल्यूपीआय (वूस्टर पॉलिटेक्निक) या सगळ्यांचे फुटबॉल संघ एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत खेळतात. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. त्यामुळे शनिवारी हेल्मेट घालून धावणारा मुलगा सोमवारी प्रयोगशाळेत तुमच्या शेजारच्या टेबलावर असतो. टीव्हीवर दिसणारी लाखभर माणसांची स्टेडियम इथे नाहीत, आणि नवख्या माणसाच्या दृष्टीने तेच बरं आहे. इथे मैदानाच्या अगदी जवळ उभं राहता येतं, माणसं ओळखीची होतात, आणि हवं असेल तर कामही मिळतं.

हंगाम ढोबळमानाने गणपती ते दिवाळी. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत साधारण दहा सामने होतात, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. म्हणजे तुमच्या वाट्याला पाचेक शनिवार येतात. घर लावणं, बँक, फोन यांत पहिले दोन सहज निघून जातात आणि आणखी दोन मिडटर्मच्या आठवड्यात अडकतात. म्हणून आल्या आल्या वेळापत्रक बघून होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात तो शनिवार तेवढा राखून ठेवा.

खेळ कसा बघायचा ते आधी. हा जमीन जिंकण्याचा खेळ आहे. कबड्डीत जशी चढाई, तसा इथे एकेक डाउन: चेंडू हलला की काही सेकंदांची झटापट, मग सगळं थांबतं आणि पुन्हा मांडणी होते. चार डाउनमध्ये १० यार्ड पुढे जायचं. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. तिच्या निम्म्याहून किंचित कमी अंतर डोळ्यांसमोर आणलं की हिशोब बसतो. गेलात तर नवे चार डाउन, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. गोलरेषेपार नेला तर टचडाउनचे ६ गुण आणि वर १ किंवा २ गुणांची संधी. खांबांमधून लाथाडला तर ३. पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, पण घड्याळ सारखं थांबत असल्यामुळे तीन तास धरून चला. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे आपला संघ चेंडू खेळवत असताना आरडाओरडा करणं. तेव्हा गप्प राहायचं असतं, कारण चाल ठरवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या सूचना त्याच्याच माणसांना ऐकू जायला हव्यात. समोरच्यांचा तिसरा डाउन आला की मात्र घसा मोकळा सोडा.

मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत १०० यार्ड, म्हणजे ९१.४४ मीटर. दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन, रुंदी ५३ पूर्णांक १/३ यार्ड. गोलचा आडवा दांडा जमिनीपासून १० फुटांवर आणि दोन उभ्या खांबांत १८ फूट ६ इंच. मैदानाच्या लांबीभर छोट्या आडव्या खुणांच्या दोन रांगा दिसतात, त्या हॅश मार्क. कॉलेजच्या मैदानावर या रांगांमध्ये ४० फुटांचं अंतर असतं, व्यावसायिक मैदानावर फक्त १८ फूट ६ इंच. प्रत्येक डाउन हॅशच्या आत किंवा हॅशवरच सुरू होतो. त्यामुळे कॉलेजच्या किकरला कडेच्या हॅशवरून, तेही गोलच्या जवळून, मारायची वेळ आली की कोन फारच तिरका पडतो. अगदी जवळची किक हुकली की प्रेक्षक त्या मुलाला बोल लावतात; दोष पुष्कळदा त्या कोनाचा असतो.

काही मैदानं मुद्दाम जाऊन बघण्यासारखी आहेत. कनेटिकटमधल्या वेस्लियनचं अँड्रस फील्ड कॉलेजच्या ऐन मध्यात आहे, वर्गातून उतरलं की समोर मैदान. तिथे फुटबॉल १८८१ पासून चालू आहे असं सांगतात. मिनेसोटातल्या सेंट जॉन्सचं स्टेडियम झाडांनी वेढलेल्या नैसर्गिक खोलगट जागेत बसवलेलं आहे. तिथले प्रशिक्षक जॉन गॅग्लियार्डी यांनी २०१२ मध्ये निवृत्त होईपर्यंत एकूण ४८९ सामने जिंकले, आणि सरावात खेळाडूंना एकमेकांना खाली पाडायला त्यांची बंदी होती. शिकागो विद्यापीठाच्या जुन्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षक सज्ज्याखाली २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली गेली. विद्यापीठाने फुटबॉल १९३९ मध्येच बंद केला होता, म्हणून ती जागा रिकामी होती. संघ १९६९ मध्ये परत आला आणि आता दुसऱ्या मैदानावर खेळतो. जुन्या जागी ग्रंथालय उभं आहे.

मिनेसोटातल्याच नॉर्थफील्ड गावात कार्लटन आणि सेंट ओलाफ ही दोन कॉलेजं आहेत. १९७७ मध्ये या दोघांनी चक्क मीटरमध्ये आखलेल्या मैदानावर सामना खेळला. चार डाउनमध्ये १० यार्डांऐवजी १० मीटर जायचं, नाव ‘लिटर बोल’. सेंट ओलाफने तो ४३-० असा जिंकला. मीटरवर वाढलेल्या आपल्या मुलांनी तो किस्सा नॉर्थफील्डमध्ये काढला, की समोरचा माणूस हमखास बोलायला लागतो. कार्लटनचं मैदान कॅनन नदीच्या काठी आहे. २०१० च्या सप्टेंबरात पुराचं पाणी त्यात शिरलं होतं.

बसायची सोय म्हणजे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचे बाक. ऑक्टोबरच्या मध्यानंतर ते बर्फासारखे होतात आणि थंडी खालून वर चढते. जॅकेट कितीही भारी असो, बुडाखाली काही नसेल तर दुसऱ्या क्वार्टरमध्ये उठावं लागतं. घरून आणलेली गोधडी चौपदरी घालून बसा, ती इथे कामाला येते. जागा घरच्या बाजूला, ३० ते ४० यार्डांच्या रेषांसमोर आणि सहा-सात रांगा वर धरा. अगदी खालच्या रांगेतून खेळाडूंच्या पाठीच दिसतात. कृत्रिम गवत असेल तर त्यातले काळे रबरी दाणे बुटांतून घरभर पसरतात, म्हणून बूट दाराबाहेर झटकायचे. सप्टेंबरच्या उन्हात हेच मैदान सडकून तापतं. तिकीट बहुतेक ठिकाणी विद्यार्थी ओळखपत्रावर फुकट असतं, तरी कॉलेजच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

आता मॅस्कॉट. वर्तमानपत्रात याला शुभंकर म्हणतात, पण छोट्या कॉलेजात तो कुलदैवताच्या जवळपास जातो. त्याची गोष्ट माहीत असणं म्हणजे गावकीत नाव लागणं. एमआयटीचा बीव्हर १९१४ पासून आहे. हा प्राणी स्वतः धरणं बांधतो, म्हणून अभियंत्यांचा; नाव टिम, कारण एमआयटीची अक्षरं उलटी वाचली की टिम होतं. कार्नेगी मेलनचा स्कॉटिश टेरियर कुत्रा आणि ‘टार्टन्स’ हे नाव संस्थापक अँड्रयू कार्नेगी यांच्या स्कॉटलंडवरून आलं. तिथला किल्टी बँड १९०८ पासून आहे आणि चौकड्यांचे किल्ट नेसून वाजवतो. मिनेसोटातल्या मूरहेडच्या कॉन्कॉर्डिया कॉलेजात मॅस्कॉट म्हणून मक्याचं कणीस धावतं. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्या मुलामुलींनी पेप बँडची, म्हणजे सामन्यात वाजवणाऱ्या पथकाची चौकशी जरूर करावी. बऱ्याच छोट्या कॉलेजांत निवडचाचणी नसते, आणि तालाची बाजू सांभाळणारे हात नेहमीच कमी पडतात.

सगळ्यांत जवळून बघण्यासारखा टफ्ट्सचा जंबो. आपण जंबो सँडविच म्हणतो तो शब्द ज्या हत्तीमुळे जगभर गेला, तोच हा. सर्कसवाले पी. टी. बार्नम यांचा हा हत्ती १८८५ मध्ये कॅनडात रेल्वेच्या धडकेने मेला. त्याचं कातडं पेंढा भरून बार्नम यांनी टफ्ट्सला दिलं. परीक्षेआधी मुलं त्याच्या सोंडेत नाणी ठेवायची, शेपूट ओढायची. १९७५ मध्ये तो ठेवला होता त्या बार्नम हॉलला आग लागली आणि हत्ती जळाला. तिथली राख पीनट बटरच्या १४ औंसांच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवली गेली, आणि ती बरणी आजही क्रीडा विभागात आहे. सामन्याआधी खेळाडू तिच्यावरून हात फिरवतात. शेपूट आधीच तुटून वेगळं झालं होतं म्हणून वाचलं. ते विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. एवढ्या मोठ्या जनावराचं उरलंसुरलं मुठीत मावेल अशा बरणीत आहे, आणि मुलं तिला मानतात. टफ्ट्सला असाल तर अंगणातला पुतळा बघून थांबू नका, बरणीचीही चौकशी करा.

डब्ल्यूपीआयचा बोकड परदेशी विद्यार्थ्यांना विशेष जवळचा वाटावा. १८९३ च्या तुकडीने बोकड पाळला आणि त्याची देखभाल गोम्पेई कुवादा या जपानी विद्यार्थ्याकडे दिली. इंग्रजीत बोकड राखणाऱ्याला ‘गोट कीपर’ म्हणतात आणि गोम्पेईची आद्याक्षरंही जी. के., म्हणून त्याची निवड झाली असं सांगतात. आज मॅस्कॉटचं नावच गोम्पेई आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका मुलाचं नाव कॉलेजच्या प्रत्येक सामन्यात घेतलं जातं.

नावं बदलतातही, आणि इथे नवखा माणूस अडखळतो. अॅम्हर्स्ट कॉलेजच्या संघांचं अनौपचारिक नाव ‘लॉर्ड जेफ्स’ होतं. १७६३ मध्ये मूळ रहिवाशांमध्ये कांबळ्यांतून देवीचा रोग पसरवण्याची सूचना ज्याच्या पत्रांत आहे, त्या लॉर्ड जेफ्री अॅम्हर्स्टवरून. २०१६ मध्ये ते सोडलं आणि २०१७ मध्ये ‘मॅमथ्स’ आलं. कॉलेजच्या संग्रहालयात मॅमथचा सांगाडा आहे. केन्यन कॉलेजचे ‘लॉर्ड्स’ २०२२ मध्ये ‘आउल्स’ झाले. जुन्या कपड्यांच्या दुकानात दोन डॉलरला मिळणारा जुन्या नावाचा टी-शर्ट वर्गात घालून जाण्याआधी एवढं तपासा. कोणी भांडणार नाही, पण आपण कोणत्या बाजूने उभे आहोत असं लोकांना वाटेल, ते आपल्याला ठाऊक हवं.

होमकमिंगला माजी विद्यार्थी येतात. नोकरीच्या दृष्टीने वर्षातली ही सर्वांत मोकळी भेट. कंपनीच्या मांडवात रांगेत उभं राहून जे तीस सेकंद मिळतात, त्याऐवजी इथे बाकावर शेजारी तास मिळतो. रेझ्युमे हातात देऊ नका. कोणत्या वर्षाचे, कोणत्या विभागाचे, तेव्हा मैदान कसं होतं, एवढं विचारा आणि शेवटी ईमेल मागा. मैदानाबाहेर गाड्यांच्या डिकीतून खाणंपिणं चालतं, त्याला टेलगेट म्हणतात. हातात बिअर दिली जाते तेव्हा लक्षात ठेवा: २१ वर्षांखाली दारू बेकायदा आहे, आणि व्हिसावरच्या माणसाला पोलिसांची साधी नोंदही पुढे त्रासदायक ठरते.

सामन्याच्या दिवशी कॉलेजला हात लागतात: गुणफलक चालवायला, आकडेवारी टिपायला, उंचावरून व्हिडिओ घ्यायला, कपडे धुवायला, मॅस्कॉट व्हायला. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. इथली ठरलेली चूक अशी, की टीए किंवा आरएचे (अध्यापन किंवा संशोधन सहायकाचे) २० तास आधीच भरलेले असतात आणि वर शनिवारचे चार तास घेतले जातात. दोन्ही मिळून २० धरायचे. क्रीडा विभागाकडून कामाचं पत्र घ्या, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून दुसरं पत्र घ्या. पासपोर्ट, आय-२० (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा फॉर्म) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) ची छापील प्रत जोडून सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी अर्ज करा. देशात येऊन दहा दिवस व्हायच्या आत गेलात तर नोंद सापडत नाही आणि हेलपाटा पडतो. काम करण्याचा हक्क तपासणारा आय-९ फॉर्म काम सुरू झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत पुरा व्हायला हवा.

मॅस्कॉटच्या पोशाखातलं काम शरीराचं आहे. दिसतं ते बहुधा तोंडाच्या जाळीतून, म्हणजे समोरचं थोडं. पायाखालचं आणि बाजूचं काहीच नाही. म्हणून सोबत एक माणूस हवाच, आणि बाकांच्या पायऱ्या त्याचा हात धरूनच उतरायच्या. मोठे पंजे पायरीपेक्षा रुंद असतात, बहुतेक पडझड तिथेच होते. चष्मा वाफेने धूसर होतो. लेन्स लावा किंवा काचांना धुकं न धरणारं द्रव लावून घ्या. एका वेळी २० मिनिटं, गरम दिवशी त्याहून कमी, मग बंद खोलीत जाऊन पोशाखाचं डोकं काढायचं. लोकांसमोर डोकं काढायचं नाही, बोलायचं नाही. पाणी आदल्या दिवसापासून प्यायचं, कारण तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. लहान मूल घाबरलं तर त्याच्याकडे जाऊ नका. गुडघ्यावर बसा, हात पुढे करा आणि त्याला येऊ द्या. अनेक कॉलेजांत संघाने गुण केले की एकूण गुणांएवढे जोर काढायची पद्धत आहे. चार टचडाउनला ७, १४, २१, २८, म्हणजे एकूण ७० जोर. पोशाखात ते अर्धेच खाली जाऊन काढायचे. लांबून तेवढे पुरे दिसतात.

सामना संपल्यावर पोशाखाच्या डोक्यात बसवलेला पंखा बंद करून बॅटरी काढा. आतून पातळ केलेलं अल्कोहोल फवारा, डोकं उलटं ठेवून जमिनीवरचा पंखा रात्रभर त्यात सोडा. ओला पोशाख पिशवीत कोंबला तर रविवारी बुरशी धरते, आणि पुढच्या शनिवारी तो दुसऱ्या कोणालातरी घालायचा असतो.