मोबाईलसाठी व्हिडिओ कन्व्हर्ट करताय? या चुका टाळा

लग्नसराई आटोपली की दुकानात पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. "भाऊ, आवाज येस, पन चित्र दखात नही." अमळनेरचा माणूस असो की चोपड्याचा, तक्रार हीच. बहुतेकदा मूळ व्हिडिओ ठणठणीत असतो. घरच्या पोराने कुठलं तरी फुकटचं अ‍ॅप टाकून दोन-तीन वेळा 'कन्व्हर्ट' मारलेलं असतं आणि तिथेच घोळ होतो. त्याच त्या चुका बघून आता राहवत नाही, म्हणून लिहितोय.

फाइलचं नाव बदललं म्हणजे कन्व्हर्ट झालं

एमकेव्ही फाइल चालत नाही, म्हणून शेवटची अक्षरं खोडून तिथे एमपी४ लिहायचं. केळीच्या खोक्यावर डाळिंबाचं लेबल लावलं तरी आत केळीच राहतात. एमपी४ आणि एमकेव्ही ही नुसती खोकी आहेत. आत चित्र एका कोडेकमध्ये (म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवायच्या पद्धतीत) असतं, आवाज दुसऱ्या कोडेकमध्ये, आणि फोनला चालतं की नाही ते या आतल्या मालावर ठरतं.

म्हणून काहीही करण्याआधी फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडा. फुकट आहे, छोटं आहे, आणि चार ओळींत सगळं सांगतं. चित्र एच.२६४ (हा चित्राचा सर्रास वापरला जाणारा कोडेक) आणि ८ बिट (रंगछटांची बारकाई) दिसलं, आवाज एसी३ किंवा डीटीएस या कोडेकमध्ये दिसला, तर दुखणं फक्त आवाजाचं आहे. बऱ्याच फोनवर हे दोन आवाज वाजतच नाहीत. अशा वेळी चित्राला हातही लावू नका. एफएफएमपेग या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र 'कॉपी' ठेवायचं, आवाज तेवढा फोनला चालणाऱ्या एएसी कोडेकमध्ये करायचा आणि खोकं एमपी४ द्यायचं. चित्र जसंच्या तसं राहतं आणि अख्खा सिनेमा काही मिनिटांत तयार होतो. हेच काम लोक रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून करतात आणि वर चित्रही खराब करून घेतात.

जुन्या लग्नाची डीव्हीडी 'फुल एचडी' करून घेणं

या चुकीची मला मनापासून चीड आहे, कारण इथे गेलेलं परत मिळत नाही.

चोपडा तालुक्यातल्या एका घरचं लग्न, वीसेक वर्षांपूर्वीचं. कॅसेटवर शूट केलेलं, मग डीव्हीडीवर उतरवलेलं. मुलाने आईवडिलांना फोनवर बघता यावं म्हणून कुणाकडून तरी ते 'फुल एचडी' करून घेतलं आणि डीव्हीडीला ओरखडे होते म्हणून फेकून दिली. माझ्याकडे फाइल आली तेव्हा हळदीतली सगळी माणसं रुंद झालेली. नवरदेव घोड्यावर हलला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. आजोबा त्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. त्यांचं हलतं-बोलतं चित्र घरात एवढंच, आणि त्यांच्या चेहऱ्यावरही त्याच रेघा.

झालं होतं असं. आपल्याकडची डीव्हीडी ७२० बाय ५७६ची असते, एमपीईजी-२मध्ये, सेकंदाला २५ फ्रेम. कॅसेटवरून आलेली असेल तर प्रत्येक फ्रेम इंटरलेस्ड असते, म्हणजे विषम ओळी एका क्षणाच्या आणि सम ओळी त्यानंतरच्या क्षणाच्या. जुन्या टीव्हीला ते चालायचं. फोनवर दोन्ही क्षण एकदम दिसतात, म्हणून हलणाऱ्या वस्तूला रेघा पडतात. त्या आधी डीइंटरलेस करून काढायच्या असतात. इथे ते न करताच चित्र ताणून १९२० बाय १०८० केलं होतं. ओळी एकमेकींत मिसळल्या की पुन्हा वेगळ्या होत नाहीत, कुठलंही सॉफ्टवेअर आणा. शिवाय मूळ चित्र ४:३ आकाराचं. ते १६:९ मध्ये ताणल्यावर माणसं रुंद होणारच.

त्या फाइलवर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी सांगितलं, नातेवाइकांकडे विचारा, त्या काळी डीव्हीडीच्या प्रती वाटायचे. सुरतला राहणाऱ्या आत्याकडे एक निघाली. ती हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, डीइंटरलेसला यादिफ आणि 'बॉब' (दोन्ही क्षणांची वेगवेगळी फ्रेम करणारी पद्धत) निवडलं, म्हणून फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाच्या फ्रेम, ५० ठेवला, आकार ४:३ तसाच आणि उंची ५७६च. नवरदेवाची वरात अगदी सुरळीत चालली आणि आजोबांचा चेहरा स्वच्छ दिसला.

छोट्या चित्राला मोठं केल्याने त्यात नवा तपशील येत नाही, फाइल तेवढी फुगते. फोन स्वतःच चित्र पडद्याएवढं करून दाखवतो. आणि मूळ डीव्हीडी, कॅसेट, कार्ड, काहीही असो, फेकू नका. तयार फाइल घरच्यांनी पूर्ण बघेपर्यंत तर नाहीच नाही.

'पाच मिनिटं छान चालतो, मग अडकतो'

ही तक्रार मे महिन्यात जास्त येते. भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ वर गेलेला असतो, फोन आधीच तापलेला. त्यात एखादा १० बिटचा एच.२६४ व्हिडिओ. बहुतेक फोनच्या चिपमध्ये ८ बिट एच.२६४ उलगडायची खास सोय असते, १० बिटची नसते. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो, फोन आणखी तापतो, स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि चित्र अडकू लागतं. लोक नवा फोन घ्यायला निघतात. त्याची काही गरज नसते.

लग्नाच्या शूटिंगचे नवे कॅमेरे ४:२:२ (म्हणजे ४:२:० पेक्षा रंगाची जास्त माहिती) १० बिटमध्ये रेकॉर्ड करू शकतात. रंग सुधारण्यासाठी ते उत्तम, पण तीच फाइल गिऱ्हाइकाच्या हातात देणं चूक. शूटिंगवाल्या मित्रांनो, एक फोनची प्रत वेगळी काढून द्या. माझी ठरलेली पद्धत: एच.२६४, ८ बिट, ४:२:०, १०८०पी, लेव्हल ४.०, फ्रेम रेट मूळ आहे तोच, ३० पर्यंत. हँडब्रेकमध्ये आरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितकं चित्र चांगलं) २१ किंवा २२, आवाज एएसी १६० केबीपीएस. साध्या फोनसाठी ७२०पी. एच.२६५ या नव्या कोडेकने जागा वाचते हे खरं, पण आजीच्या जुन्या फोनवर चालेल याची खात्री नसेल तर मी त्या वाटेला जात नाही.

बाकीच्या थोडक्यात

बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, आकाशाला भिडवू नका. ५० एमबीपीएसने तासाभराचा व्हिडिओ साडेबावीस जीबी होतो, ५ एमबीपीएसने सव्वादोन.

पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यावर बसत नाही. कॉपी अर्ध्यात थांबली की आधी हे बघा.

२५ फ्रेमचा व्हिडिओ ३० किंवा ६० करू नका. कॅमेरा आडवा फिरला की झटके दिसतात.

कन्व्हर्ट केलेली फाइल पुन्हा कन्व्हर्ट करू नका. दर वेळी थोडं चित्र जातंच. मूळ फाइलपासून सुरुवात करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो.

घरातल्या कार्यक्रमाचे व्हिडिओ अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका. आपल्या बायकामुलांची चित्रं कुठल्या सर्व्हरवर राहतील, सांगता येत नाही.

आणि तीन तासांचा व्हिडिओ सरळ लावून झोपायला जाऊ नका. नाचाचा किंवा वरातीचा एक मिनिटाचा तुकडा आधी काढा, कारण जास्त हालचाल असते तिथेच खोट दिसते. ज्याला बघायचंय त्याच्याच फोनवर तो चालवा. पूर्ण फाइल झाली की सुरुवात, मध्य आणि शेवट असं सरकवून बघा. फोनवर शूट केलेल्या व्हिडिओचा फ्रेम रेट कमीजास्त होत असतो, त्यामुळे ओठ आणि आवाज शेवटाकडे हळूहळू सुटतात आणि सुरुवातीला ते कळत नाही. तसं झालं तर हँडब्रेकमध्ये फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' करा आणि मूळ फाइलपासून परत काढा.