आरसी (रिमोटवर चालणारी) टूरिंग कार: टायर निवडण्याआधी डांबराचं तापमान मोजा

सकाळी छान धावणारी १/१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची) टूरिंग कार दुपारी वळणावर घसरायला लागते, आणि आपण उगाच स्प्रिंग बदलत बसतो. बहुतेकदा दोष टायरच्या कंपाउंडचा, म्हणजे रबराच्या मिश्रणाचा असतो.

१. इन्फ्रारेड थर्मामीटरने ट्रॅकचं तापमान घ्या, हवेचं नव्हे. उन्हातलं डांबर हवेपेक्षा खूप जास्त तापतं.

२. सोरेक्ससारख्या ब्रँडच्या रबर टायरवर २८, ३२, ३६ असे आकडे असतात. थंड ट्रॅकला लहान आकडा, म्हणजे मऊ रबर. तापलेल्या ट्रॅकला मोठा. मऊ टायर उन्हात तापून निसरडा होतो आणि झिजतोही लवकर.

३. चाक १२ मिमी हेक्सचं (मधली षटकोनी खाच), २६ मिमी रुंद, शून्य ऑफसेटचं (बाहेर न सरकलेलं) घ्या. ड्रिफ्टच्या (मुद्दाम घसरवत चालवायच्या) गाड्यांची जास्त ऑफसेटची चाकं स्वस्त दिसली तरी नकोत, ती बॉडीबाहेर येतात.

४. चिकटवण्याआधी टायरची आतली कड आणि रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ही पायरी टाळू नका. नव्या रबरावर साच्याचा तेलकट थर असतो, त्यावर सुपरग्लू धरत नाही.

मात्र खरेदीआधी स्पर्धेचे नियम वाचा. पुष्कळ ठिकाणी एकच ठरलेला टायर चालतो.