चासीला पिळू द्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात आली तेव्हा मी आणि सौ. माळ्यावर बसून होतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीला हायवे कितीतरी दिवस बंद होता. माळ्यावर बसल्या बसल्या मी म्हणालो, "घराला चाकं पाहिजेत." सौ. म्हणाली, "अहो, आधी खाली उतरायची सोय बघा."

२०२१ ला पाणी परत आलं तेव्हा मात्र तीच म्हणाली, "त्या चाकांचं काय झालं?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथ चालवला. आता शेड पोरगा बघतो, घर भाड्यानं दिलंय आणि आम्ही दोघं तीन वर्षं झाली फोर व्हील ड्राइव्ह पिकअपवर बांधलेल्या पेटीत राहतोय. "कशी बांधली?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. एकदाच नीट लिहून टाकतो.

लोखंड कापायच्या आधी कागद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी ठरेल असा बदल परवानगीशिवाय करायचा नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-वाहतूक गाड्यांच्या सरकारी यादीत स्वतंत्र प्रकार आहे, आणि मोटार कॅरॅव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. म्हणून हौदा असलेली गाडी घेऊन कापत बसण्यापेक्षा कॅब-चासी घ्या, म्हणजे मागं हौदा नसलेली, नुसती केबिन आणि खालचा सांगाडा, ड्रॉइंग काढा, मान्यताप्राप्त बॉडीबिल्डरला सोबत घेऊन आरटीओत दाखवा आणि मग वेल्डिंगचा हात लावा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. याच्यावर यापेक्षा जास्त लिहीत नाही. ज्याला हे दोन-चार हेलपाटे जड वाटतात त्यानं गाडी भाड्यानं घेऊन फिरावं.

भुईकाटा

आरसीवर दोन आकडे असतात: रिकामं वजन आणि भरलेलं वजन. त्यातला फरक म्हणजे तुमचं घर. माझ्या गाडीला तो साधारण टनाचा. ऐकायला लई वाटतो. हिशेब मांडा.

माझी पेटी साडेआठ फूट लांब, सहा फूट रुंद, सव्वासहा फूट उंच. सगळ्या बाजू, तळ आणि छत मिळून २६ चौरस मीटर. कोल्ड स्टोरेजला वापरतात ते ४० एमएमचं पफ पॅनल, मध्ये फोम, दोन्हीकडं अर्धा एमएम पत्रा, चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे नुसती पेटी अडीचशे किलो. पेटीखालची लोखंडी चौकट, म्हणजे सबफ्रेम, ९०, फर्निचर ११०, पाणी ८०, बॅटरी-पॅनल-वायरिंग ६०, आणि भांडी, कपडे, गॅस, हत्यारं दीडशे. आम्ही दोघं धरून पावणेनऊशे. उरलेला सव्वाशे किलो राखीव ठेवायचा, कारण एका वर्षात घर फुगतंच. आमच्यात पाटा-वरवंट्यावरून भांडण झालं होतं. मी हरलो, पण छोटा घेतला.

फर्निचरला १२ एमएम प्लाय वापरणार असाल तर आठ बाय चारचं एक शीट २२-२४ किलोचं असतं हे विसरू नका. मी फक्त ओट्याला आणि पलंगाच्या कडेला प्लाय वापरला, बाकी अ‍ॅल्युमिनियम सेक्शन आणि कापडी कप्पे.

भंगारवाल्याकडं किंवा कारखान्यावर भुईकाटा असतो. तिथं गाडी तीनदा चढवा: पूर्ण, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. डावी-उजवी बाजूही कळली तर सोन्याहून पिवळं. पाण्याची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढं, शक्य तितकी खाली. माझी पहिल्यांदा मागच्या टोकाला होती. घाटात स्टेअरिंग इतकं हलकं झालं की गाडी मला चालवत होती.

आता मुद्द्याचं

पिकअपची चासी म्हणजे शिडी. दोन लांब रेल आणि मध्ये आडवे मेंबर. रस्ता सरळ असतो तोवर ती सरळ. डावं पुढचं चाक दगडावर आणि उजवं मागचंही दगडावर गेलं की ती पिळते, ओलं धोतर पिळावं तशी. पिळलीच पाहिजे, चाकं जमिनीला धरून राहावीत म्हणून ती तशी बनवलेली असते. आणि आपण तिच्यावर काय ठेवतो? सहा बाजूंची बंद पेटी. सहजासहजी न पिळणारा आकार.

माझ्या पहिल्या पेटीला मी बारा ठिकाणी बोल्ट मारले. एकतीस वर्षांचा अनुभव ना! "हलली तर नाव बदलीन," असं शेडात सगळ्यांना सांगितलं होतं. भुईबावडा घाटाखालच्या एका कच्च्या रस्त्यावर चौथ्या दिवशी दाराच्या वरच्या कोपऱ्यातून टक्क आवाज आला. वीतभर चीर. दार उघडेना. सौ. आत, मी बाहेर, आणि पाऊस. खिडकीतून चहाचा कप देऊन ती म्हणाली, "नाव काय ठेवायचं ठरलं?"

तर हे असं करा.

पेटी थेट चासीवर बसवायची नाही. मध्ये स्वतंत्र सबफ्रेम. तो मागच्या अ‍ॅक्सलजवळ दोन्ही रेलवर दोन ठिकाणी घट्ट धरायचा, आणि पुढं, कॅबच्या मागं, बरोबर मधोमध एकाच पिनवर झुलता ठेवायचा. झाले तीन बिंदू. तिपाई कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तेच गणित. चासी खाली पिळत राहते, पेटी मागच्या दोन बिंदूंबरोबर जाते आणि पुढची पिन फक्त फिरते.

माझी पिन ४० एमएमची, ईएन-८ पोलादातून टर्न केलेली, गनमेटलचा बुश आणि ग्रीस निप्पल. हे काम उद्यमनगरात कुठलाही टर्नर अर्ध्या दिवसात करून देईल. गाडीच्या मॉडेलचं नाव सांगू नका, फक्त ड्रॉइंग द्या, नाहीतर चहाबरोबर चार सल्ले मिळतात. सगळा पुढचा भार त्या एका पिनेवर येतो, म्हणून तिच्याखालचा आडवा मेंबर जाड चॅनलचा आणि दोन्ही रेलना लांब प्लेटनं धरलेला पाहिजे.

चासीच्या रेलवर वेल्डिंग करायचं नाही. वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही. उभ्या भागात कंपनीनं पाडलेली भोकं असतात, तीच वापरा, ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट. वेल्डर "एक टाका मारतो, काय होत नाही" म्हणेल. त्या टाक्याशेजारीच रेल फाटते.

पेटी हलकी आणि लहान असेल तर पिनेऐवजी स्प्रिंगही चालतात. सबफ्रेम रेलवर कडक रबराच्या पट्टीवर बसवायचा, मागं घट्ट बोल्ट, पुढं लांब बोल्ट आणि त्याखाली जाड स्प्रिंग. चासी पिळली की सबफ्रेम पुढच्या एका कोपऱ्यात ३०-४० एमएम उचलला जातो आणि परत बसतो. पिनेइतका मोकळेपणा नाही, पण भार सगळ्या रेलवर पसरतो. आज नव्यानं बांधायची झाली तर पिकअपला मी हेच करीन. पिन बघायला छान दिसते, आणि मी टर्नर आहे, म्हणून ती झाली.

तपासणी घरीच करा. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक दीड फूट उंचीच्या भक्कम ठोकळ्यांवर चढवा. कॅब आणि पेटीमधली फट वरच्या दोन्ही कोपऱ्यांत मोजा. माझ्याकडं ६० एमएमचा फरक पडतो, म्हणून फट १२० ठेवलीय. मग पेटीचं दार उघडा. सहज उघडलं तर पेटी पिळत नाही. अडलं तर गाडी परत शेडात.

पाऊस बाहेर, वाफ आत

आत लोखंडी फ्रेम उघडी ठेवली की पावसाळ्यात ती घाम गाळते. भिंतीतून आरपार जाणारा एक स्क्रूसुद्धा सकाळी ओला असतो. म्हणून पॅनल एकमेकांना पीयू सीलंटनं चिकटवून, कडेला बाहेरून एफआरपीचा, म्हणजे फायबरचा, अँगल. सिलिकॉन वापरू नका, त्यावर पुढं रंगही बसत नाही आणि दुसरं काही चिकटतही नाही. छताला भोक एकच, पंख्याचं. सोलर पॅनल चिकटवलेल्या पायांवर. दारावर आणि खिडक्यांवर पन्हाळी लावा, जुन्या घरांना असते तशी. दोनशे रुपयांचं काम, सगळं सुख त्यात.

गळती तपासायला वॉशिंग सेंटरचा फवारा पुरत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत तिथं दोन रात्री उभी करा. जिथं गळायचं तिथं गळेल.

वरचा पंखा आणि खाली एक जाळीचं भोक कधीच बंद करायचं नाही, थंडीतही नाही. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातलं पाणी आणि भाताची वाफ कुठंतरी बसणारच. गॅसचा पाच किलोचा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या पेटीत, आणि त्या पेटीला तळाशी भोक, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. गॅसचा अलार्म जमिनीजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा उशीजवळ. याच्यात काटकसर नाही.

वीज थोडक्यात. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे अडीच युनिट. छोटा फ्रीज दिवसाला अर्धा युनिट खातो, मिक्सर दहा मिनिटं चालला तर युनिटचा साधारण दहावा हिस्सा. ४०० वॉटचं सोलर उन्हाळ्यात उरतं, आषाढात रडतं, म्हणून अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. हजार वॉटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टवर नव्वद-शंभर अँपिअर ओढतो, तेव्हा केबल २५ स्क्वेअर एमएमची, लांबी कमी, आणि फ्यूज बॅटरीला चिकटून. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते. हिमाचलात स्पितीला गेलो तेव्हा ती पलंगाखाली होती म्हणून वाचली. गॅस मात्र तिथं पहाटे रुसला. ब्युटेनची वाफ शून्याच्या आसपास होईनाशी होते. सिलिंडरची पेटी उगवतीकडं करून गाडी लावायची आणि चहासाठी नऊ वाजेपर्यंत थांबायचं, दुसरा सुरक्षित उपाय मला सापडला नाही. उंचीमुळं डाळीला तिथं कुकरच लागतो.

आतली मांडणी कागदावर ठरवू नका. आम्ही शेडात खडूनं जमिनीवर पूर्ण मापाची पेटी आखली आणि दोन संध्याकाळी त्या चौकटीत स्वयंपाक केला, जेवलो, झोपलो. पहिल्या पाच मिनिटांत कळलं की ओट्यापुढं उभं राहिलं की दार उघडत नाही. माझं ड्रॉइंग तीन महिन्यांचं होतं.

चालवणं आणि थांबणं

कच्च्या रस्त्याला लागलं की चाकातली हवा कमी करा. माझी मागची हायवेला ५० पीएसआय, कच्च्यावर ३५, खोल चिखलात त्याहून खाली आणि वेग वीसच्या आत. परत डांबरावर आलं की हवा भरल्याशिवाय पुढं जायचं नाही, म्हणून छोटा कॉम्प्रेसर पाहिजेच. शिरोळकडची काळी माती चाकाला लाडवासारखी गुंडाळते, तिच्यात फोर व्हीलही थकतं. पाऊस पडून गेला असेल तर एक दिवस थांबणं स्वस्त. राधानगरीकडची तांबडी माती घसरते, पण धरते. फावडं, पहार, दोन फळ्या आणि चांगला दोर सोबत. गाडी पाण्यात घालायच्या आधी ते पाणी पायानं चालून बघा. गाडीची उंची डॅशबोर्डवर लिहून ठेवा. वाड्यांमधल्या वायरी आणि आंब्याच्या फांद्या आरसी वाचत नाहीत. गळीत हंगामात रात्रीचं चालवू नका, लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर उभी असते.

सड्यावर, पठारावर चाकं घालायची नाहीत. मसाई पठारावर गवतातून गेलेली चाकोरी पुढच्या वर्षीही तशीच दिसते. अभयारण्यात तर प्रश्नच नाही.

मुक्कामाला मी उजेड असताना गावात जातो. आधी पोलीस पाटील किंवा सरपंच, मग देवळाचा पुजारी. नाव, गाव, किती दिवस, हे आपणहून सांगायचं. "कोल्हापूरचं" म्हटलं की पुढचा प्रश्न रश्श्याचा असतो, आणि मग जागा मिळते: खळं, शाळेचं पटांगण, पंपामागचा कोपरा. बाळूमामांची मेंढरं गावोगाव फिरतात ती अशीच, कुणाच्या तरी रानात, विचारून. आम्ही काही नवीन करत नाही.

पाणी दोघांना दिवसाला बारा-पंधरा लिटर पुरतं. संडास कोरडा: लघवीचं भांडं वेगळं, बाकीच्यावर वखारीतला भुस्सा. वास येत नाही, विचारणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. सौ. त्यांना आत बोलवून दाखवते, मी तेवढ्या वेळात गाडीखाली जातो. दर पंधरा दिवसांनी पिनेला ग्रीस, यू-बोल्टला पाना, स्प्रिंगच्या पाट्यांवर एक नजर. आतून दोनदा थाप आली की पाहुणे गेले, बाहेर यायचं.