पोटावर मुका मार बसलाय? मग या चुका टाळा

अक्कलकोट रोडला गाडी घसरली, हँडलचं टोक पोटात बसलं, शर्ट वर करून बघितलं तर रुपयाएवढा लाल वण, रक्त नाही काही नाही, मग घरचे म्हणतात मुका मार आहे, हळद-तेल लावून चोळ, आणि पहिली चूक तिथंच होते. कातडी ताणली जाते म्हणून ती शाबूत राहते, पण तिच्याखालचा स्नायू फाटू शकतो आणि त्या फटीतनं आतडं कातडीखाली येतं, हाच मार लागून झालेला हर्निया. उभं राहून खोकलं की गाठ फुगते, आडवं झालं की बऱ्याचदा आत जाते, पण नुसतं रक्त साकळलं तरी गाठ दिसते त्यामुळं हाताला कसं लागतंय यावर ठरवू नका, सीटी स्कॅन करा. गाठ शेकायची नाही, दाबून आत ढकलायची नाही, मेडिकलमधनं पट्टा आणून आवळायचा तर अजिबात नाही. ती कडक झाली, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या तर आतडं अडकलंय समजा आणि तडक निघा.

खरं तर गाठीपेक्षा तिच्यामागं काय फाटलंय याची भीती जास्त. डाव्या बरगडीखाली मार आणि दुखतोय डावा खांदा, असं असलं की लोक खांद्याला बाम चोळत बसतात, तिकडं प्लीहेतनं, म्हणजे डाव्या बरगडीमागच्या स्प्लीनमधनं, रक्त वाहत असू शकतं, कधी कधी तर काही दिवसांनी सुरू होतं. चक्कर, घाम, पोट कडक होणं, लघवीतनं रक्त, यातलं काही दिसलं की १०८ ला फोन लावा. सायकलचं हँडल लागलेल्या पोरांचं स्वादुपिंड (पॅन्क्रियास) मागच्या मणक्यावर चेपलं जातं आणि त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो, तोवर पोरगं खेळत असतं.

"सोनोग्राफी नॉर्मल आली, चला घरी", ही मला सगळ्यात वाईट चूक वाटते. सोनोग्राफीत पोटात साठलेलं रक्त दिसतं, पण आतड्याला पडलेलं बारीक छिद्र सुरुवातीच्या तासांत निसटू शकतं. म्हणून सिव्हिलला काय किंवा प्रायव्हेटला काय, डॉक्टर रात्रभर ठेवून परत परत पोट तपासायचं म्हणाले तर बिल वाढवतायत म्हणून सही करून निघू नका. कारच्या सीटबेल्टचा निळा पट्टा पोटावर उमटला असेल तर मुळीच नको.

तपासणी होईपर्यंत खायला-प्यायला काही देऊ नका, चहासुद्धा नाही, ऑपरेशन लागू शकतं. मनानं पेनकिलर नको. आणि पेशंटला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कोणी विचारायची वाट न बघता डॉक्टरला आधी ते सांगा.