बाळाला दुधाची अ‍ॅलर्जी वाटतेय? थेंबांआधी वही काढा

मी बालआहारतज्ज्ञ आहे, आणि आया मला पहिला प्रश्न हाच विचारतात, "मॅडम, पोटातले चांगले बॅक्टेरिया वाढवायला कुठले थेंब देऊ?" थेंबांचं नंतर बघू. आधी एक वही काढा.

तिच्यात चार रकाने आखा. बाळाला काय पाजलं, अंगावर पीत असेल तर आईने काय खाल्लं, पुढे काय झालं, आणि किती वेळाने झालं. शेवटचा रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात आणि डॉक्टरांना नेमका तोच हवा असतो. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, तर ही झटपट येणारी अ‍ॅलर्जी. एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होऊन बाळ पांढरंफटक पडलं, तर तो आणखी वेगळा प्रकार. या दोन्हींत घरी कसलाही प्रयोग करायचा नाही. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा बाळ मलूल पडलं असेल तर वही राहू द्या, थेट इमर्जन्सी गाठा.

मी पुढे सांगतेय ते फक्त सौम्य, उशिरा येणाऱ्या प्रकाराबद्दल, आणि तेही डॉक्टरांनी बाळाला तपासल्यानंतर. यात त्रास काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो. शी शेंबडासारखी चिकट होते, तिच्यात रक्ताचे धागे असतात. लंगोटाचा फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. कडक शीच्या वरच्या बाजूला लाल रेघ असेल तर बऱ्याचदा शीच्या जागी चीर पडलेली असते. शेंबडात मिसळलेलं रक्त वेगळं दिसतं. फोटोत हा फरक चटकन कळतो, नुसतं सांगून नाही.

आता दूध बंद करून पाहायचं, दोन ते चार आठवडे. अंगावरचं पाजणं थांबवायचं नाही; आईने आपल्या जेवणातलं दूध, दही, ताक, पनीर, चीज, लोणी-तूप बंद करायचं. पाकिटावर केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स हे शब्द शोधा; तेही दुधातलेच घटक. या काळात आईला रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळायला हवं, ड जीवनसत्त्वाचंही डॉक्टरांना विचारा. बाटलीवरच्या बाळाला प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेली खास पावडर लागते, ती डॉक्टरच लिहून देतात. लॅक्टोज-फ्री दुधाने काही साधत नाही. त्यातली साखर मोडलेली असते आणि अ‍ॅलर्जी असते प्रथिनांची. शेळीच्या किंवा म्हशीच्या दुधातली प्रथिनंही गाईच्या दुधातल्यांशी इतकी जुळतात की तीही चालत नाहीत.

बाळ शांत झालं की घरात सगळे खूश होतात आणि पुढची पायरी गाळतात. गाळू नका. आठवडाभरात आईने दूध पुन्हा सुरू करायचं आणि वही चालू ठेवायची. त्रास परतला तर निदान पक्कं. नाही परतला तर दूध निर्दोष होतं, कारण रडणं, गुळणी टाकणं वयाबरोबर आपोआपही कमी होतं. विनाकारण महिनोन्महिने पथ्य पाळणाऱ्या आया पाहिल्या की मला खरंच राग येतो. त्यांचा नाही, त्यांना अर्ध्यावर सोडणाऱ्यांचा.

हं, बॅक्टेरिया. पोटातल्या बॅक्टेरियांचा दुधाच्या अ‍ॅलर्जीशी संबंध असतो, यामागचं विज्ञान खरं आहे. २०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या कॅथरिन नॅग्लर यांच्या गटाने जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात बाळांच्या शीतले जीवाणू सोडले. निरोगी बाळांचे जीवाणू मिळालेले उंदीर दुधाच्या तीव्र रिअ‍ॅक्शनपासून वाचले, अ‍ॅलर्जीवाल्या बाळांचे मिळालेले वाचले नाहीत. अ‍ॅनेरोस्टाइपिस कॅके हा एकच जीवाणू दिला तरी संरक्षण मिळालं. तो ब्युटिरेट नावाचं द्रव्य बनवतो आणि ते आतड्याच्या अस्तराला पोसतं.

पण तुमच्या हातातल्या थेंबांत बहुधा लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियम असतात, हा नव्हे. 'एलजीजी' हा एक लॅक्टोबॅसिलस जीवाणू घातलेल्या खास पावडरीवर इटलीत आशादायक अभ्यास झालेत, तरी त्यावरून कुठलेही थेंब सुरू करू नयेत. काही प्रोबायोटिकांत, म्हणजे चांगल्या बॅक्टेरियांच्या अशा थेंब-पावडरींत, दुधाच्या प्रथिनांचे अंशही सापडतात! आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नकोत; जिवंत जंतूंमुळे रक्तात संसर्ग होऊ शकतो. शीतले बॅक्टेरिया मोजणारे किटही घेऊ नका, त्यातून अ‍ॅलर्जीचं निदान होत नाही. आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचत नाहीत, त्यांच्यावर बिफिडोबॅक्टेरिया जगतात. तेव्हा अंगावर पाजता येत असेल तर पाजत राहा. अँटिबायोटिक डॉक्टरांनी दिलं तर पूर्ण द्या, स्वतःहून देऊ नका.

निदान पक्कं झालं तर पथ्य किमान सहा महिने किंवा बाळ ९ ते १२ महिन्यांचं होईपर्यंत. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी पिठात मिसळून नीट भाजलेलं दूध, म्हणजे बिस्किटाचा छोटा तुकडा, मग हळूहळू दही, आणि सगळ्यात शेवटी साधं दूध. बाळाला सर्दी-ताप असेल त्या आठवड्यात नवी पायरी चढू नका, नाहीतर वहीतली नोंद कशामुळे झाली ते कळणार नाही.