बायकांचा मेंदू वेगळा म्हणताय? आधी या चुका टाळा

"बायकांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल जाड असतो म्हणून त्यांना मल्टिटास्किंग जमतं" हे व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही वाचलंच असेल, मी तर एका लग्नात भटजींच्या तोंडून पण ऐकलंय. हा पूल म्हणजे कॉर्पस कॅलोझम, आणि ही गोष्ट पसरली ती १९८२ साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका छोट्या पेपरवरून. त्यात मेंदू किती तपासले होते माहितीये? १४. नऊ पुरुषांचे, पाच बायकांचे. अहो, पाच आंबे बघून कोणी पेटी घेत नाही! पुढे १९९७ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून पाहिले तर तसा फरक काही निघाला नाही, पण ते कोण फॉरवर्ड करणार.

दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण शिकलेली माणसं पण ती करतात. पुरुषांचा मेंदू सरासरी १०-११ टक्के मोठा असतो, खरंच असतो, पण डोकंही मोठं आणि अंगही मोठं ना. १९व्या शतकात पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरने शवविच्छेदनातले मेंदू तराजूत घातले, पुरुषांचे सरासरी १३२५ ग्रॅम, बायकांचे ११४४, आणि उंचीचा वाटा आहे हे माहीत असूनही गडी बायकांची बुद्धीच कमी म्हणण्यावर घसरलाच. आईनस्टाईनचा मेंदू भरला १२३० ग्रॅम! आजही स्कॅनमध्ये हिप्पोकॅम्पस (आठवणींशी जोडलेला भाग), अमिग्डाला (भावनांशी जोडलेला भाग) पुरुषांत मोठे दिसतात, डोक्याच्या आकाराचा हिशोब धरला की तो फरक बराचसा विरघळतो.

आणि वय बघा हो. अमेरिकेत मुलांचे वाढत्या वयात पुन्हा पुन्हा एमआरआय काढले, २००७ मध्ये निकाल आला, मुलींच्या मेंदूचं आकारमान साधारण साडेदहाव्या वर्षी सगळ्यात जास्त, मुलग्यांचं साडेचौदाव्या. म्हणजे बारा वर्षांच्या जुळ्या बहीणभावाचे स्कॅन शेजारी ठेवले तर तिचा मेंदू तो टप्पा ओलांडून गेलेला, त्याचा अजून चढतोय (सरासरीने हं), आणि आपण लगेच म्हणणार बघा किती फरक. यावरून "मुली आधी शहाण्या होतात" असंही काढू नका, आकारमानावरून शहाणपण मोजता येत नाही.

राहिली सरासरी. २०१५ मध्ये तेल अवीवच्या टीमने १४०० पेक्षा जास्त मेंदू पाहिले, सगळे भाग एकाच बाजूला, म्हणजे पूर्ण 'बायकी' किंवा पूर्ण 'पुरुषी' बाजूला, झुकलेले असे फारच थोडे, बाकी सरमिसळ. "मग कॉम्प्युटर स्कॅन बघून बाई की पुरुष कसं ओळखतो?" ओळखतो की, पण डोक्याच्या आकाराचा क्लू काढून घेतला की त्याचे पण मार्क घसरतात.