आधी ओल, मग रंग

डोंबिवलीत जुना वन बीएचके घेतला. ताबा मिळताच बायकोने रंगांचं शेडकार्ड आणलं, मी मॉड्युलर किचनचं कोटेशन. दोघंही चुकलो होतो. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे आले होते. आधीच्या मालकांनी नेमकं तिथंच कपाट ठेवलेलं!

प्लंबर म्हणाला, "साहेब, आत्ता रंग लावलात तर पावसाळ्यापर्यंत टिकेल." मग नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी वाहून जायच्या भोकात, बोळा कोंबून बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरलं आणि भिंतीवर खडूने पातळी आखली. सकाळी पाणी खुणेच्या बोटभर खाली, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओला डाग. लाद्या उखडल्या, जुना कोबा काढला, नवा घातला. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर फूटभर चढवून. ट्रॅपच्या कडेला मी उभं राहून जरा जास्तच मारून घेतलं, कारण पाणी तिथूनच झिरपत होतं. लाद्या बसवण्याआधी पुन्हा ४८ तास पाणी भरून ठेवलं. या वेळी पातळी जेमतेम हलली, काकूंचं छत कोरडं.

भिंती फोडायच्याच होत्या, म्हणून वायरिंगही तेव्हाच पाहिलं. गिझर चक्क १.५ एमएमच्या वायरवर, अर्थिंग नावापुरतं! ४ एमएमची वायर ओढली, करंट गळला की वीज तोडणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवली.

किचनचे पैसे यातच संपले. कडप्प्याचा जुना ओटा आहे तसाच आहे. भिंत सुकतेय, रंग दिवाळीला. शेडकार्ड तोवर फ्रिजवर.